न आलेला तानपुरा आणि परत आलेले १७,८४० रुपये

९ नोव्हेंबर २०२४ रोजी, शनिवारी सकाळी, जुन्या वाद्यांच्या खरेदी-विक्रीसाठी चालणाऱ्या समाजमाध्यमावरील एका समूहात मी एक जाहिरात पाहिली. मिरजेत घडवलेला, काळी चारला (हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला) लागणारा, स्त्रियांच्या आवाजासाठी बेतलेला चार तारांचा तानपुरा विकायचा होता. भोपळ्याला तडा नाही, खुंट्या घट्ट आहेत, जवारी (घोडी घासून तारांना आणलेली झंकारयुक्त गुंज) दोन वर्षांपूर्वी काढलेली आहे, आणि आईला आता गाता येत नाही म्हणून तो विकायचा आहे, असे विक्रेत्याने लिहिले होते. किंमत २६,५०० रुपये होती. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी गाणे पुन्हा शिकायला लागले होते आणि गाण्याच्या बाईंनी दोन वेळा सुचवले होते की आता मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर रियाज पुरे, लाकडाचा तानपुरा घ्या. त्यामुळे ती जाहिरात माझ्यासाठीच असल्यासारखी वाटली.

त्या वाद्याचा आवाज ऐकवा, असे मी कळवले. तासाभरात एक चित्रफीत आली आणि तिच्यातली जवारी खरोखर सुरेख बोलत होती. ती चित्रफीत दुसऱ्याच कोणाच्या तरी वाद्याची होती, हे मला फार उशिरा कळले. आजची तारीख लिहिलेला कागद वाद्यावर ठेवून नवा फोटो पाठवा, एवढी साधी मागणी मी त्या वेळी केली असती, तर पुढचे काहीच घडले नसते. १२ नोव्हेंबरला मी ५,००० रुपये आगाऊ दिले आणि १४ नोव्हेंबरला उरलेले २१,५०० रुपये यूपीआयने पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर विक्रेत्याचे नाव न येता वेगळेच नाव आले होते. मी विचारले तेव्हा "माझ्या मावसभावाचे खाते आहे, माझ्या खात्याची मर्यादा संपली आहे," असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. आज कोणी मला विचारले, तर ज्या नावाच्या माणसाशी व्यवहार ठरला आहे त्याच नावाचे खाते नसेल तर तिथेच थांबा, असे मी सांगेन.

१५ तारखेला मालवाहतूक कंपनीच्या पावतीचा फोटो आला. त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर दिसत नव्हता, पण नोंद चढायला दोन दिवस लागतात असे विक्रेत्याने सांगितले आणि मी तेही मान्य केले. १८ तारखेला संध्याकाळी नवा निरोप आला. वाद्य नाजूक असल्यामुळे विम्याची ३,५०० रुपये अनामत भरावी लागेल आणि ती माल पोहोचल्यावर परत मिळेल, असे त्यात म्हटले होते. परत मिळणारी अनामत हे शब्द वाचताच माझ्या पोटात गोळा आला. मी पैसे पाठवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या कार्यालयात फोन केला, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने पावतीवरचा क्रमांक ऐकून शांतपणे सांगितले की, हा आमचा क्रमांकच नाही, आमच्या पावतीला इतके अंक नसतात. दुपारपर्यंत विक्रेत्याचा फोन बंद झाला होता आणि समूहातली जाहिरातही नाहीशी झाली होती.

त्या दिवशी दुपारी बारापासून रात्री साडेआठपर्यंत मी काहीच केले नाही, हे मला इथे लिहिलेच पाहिजे. लाज वाटत होती. घरात कसे सांगायचे, हा एकच विचार मनात घोळत होता. अखेर जेवायला बसल्यावर पतीला सांगितले. ते एवढेच म्हणाले, "ताट बाजूला ठेव, आधी फोन लाव."

रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी मी १९३० हा क्रमांक लावला. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी केंद्रीय गृहमंत्रालयाने चालवलेली ही मदतवाहिनी आहे. पूर्वी तिचा क्रमांक १५५२६० होता. तिसऱ्या प्रयत्नात फोन लागला आणि सुमारे सोळा मिनिटे बोलणे झाले. माझे नाव, पत्ता, बँक, खाते क्रमांक, दोन्ही व्यवहारांची तारीख, वेळ आणि रक्कम, समोरच्याचा यूपीआय पत्ता आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, इतके त्यांनी विचारले. ॲपमध्ये व्यवहाराखाली एकाहून अधिक क्रमांक दिसतात आणि त्यांपैकी बारा अंकांचा कोणता, हे शोधण्यात माझी काही मिनिटे गेली. फोन लावण्याआधी हे सगळे एका कागदावर लिहून जवळ ठेवावे. बोलणे संपताच तक्रारीचा पोच क्रमांक संदेशाने आला. पुढचे नऊ महिने प्रत्येक अर्जाच्या पहिल्या ओळीत मी हाच क्रमांक लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी, २० नोव्हेंबरला, महाराष्ट्र विधानसभेचे मतदान होते. बँका बंद होत्या. सकाळी मतदान करून घरी आले आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन येथे, उरलेला तपशील भरायला बसले. घटनेच्या वर्णनासाठी किमान २०० अक्षरे लागतात आणि त्या चौकटीत विशेष चिन्हे चालत नाहीत. माझा मजकूर दोनदा नाकारला गेला, कारण त्यात रुपयाचे चिन्ह आणि तिरप्या रेघा होत्या. त्या काढल्यावर तो स्वीकारला गेला. वर्णनात मी राग, विश्वासघात, आईची गोष्ट असे बरेच लिहिले होते. ते सगळे खोडून तारीख, वेळ, रक्कम, कोणी काय सांगितले आणि कोणत्या खात्यात पैसे गेले, एवढेच ठेवले. हाच मजकूर पुढे पोलिसांच्या जबाबात आणि न्यायालयातल्या अर्जात जवळजवळ जसाच्या तसा गेला, म्हणून तो पहिल्याच दिवशी नीट लिहिलेला बरा.

२१ तारखेला माझ्या बँकेच्या शाखेत गेले. लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली आणि दोन्ही व्यवहार दाखवणारा शिक्क्याचा खातेउतारा मागितला. त्याला करासह ११८ रुपये पडले. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी बोलताना स्पष्ट सांगितले की ही रक्कम बँक भरून देणार नाही. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक तेव्हा ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करत होते आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्याला संरक्षण देत होते, पण ते ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना लागू होते. मी तर स्वतः पिन टाकून पैसे पाठवले होते. हे ऐकताना फार वाईट वाटले, तरी ते त्याच दिवशी कळले हे बरे झाले. नाहीतर मी बँकेच्या उत्तराची वाट पाहत बसले असते.

मधल्या काळात एका मैत्रिणीने ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला दिला. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर मी चौकशी केली आणि नंतर नियमही वाचला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे नियमितपणे व्यवसाय म्हणून विकणाऱ्यांसाठी आहेत. एखादी व्यक्ती आपली घरातली वस्तू वैयक्तिक पातळीवर विकत असेल, तर ती या नियमांतून वगळली आहे. नोंदणीकृत दुकानाने किंवा मोठ्या विक्री-संकेतस्थळाने माल पाठवला नाही, तर ग्राहक कायद्याचा मार्ग उत्तम आहे आणि जिल्हा आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. पण खासगी विक्रेत्याकडून, तेही खोट्या नावाने विकणाऱ्याकडून, पैसे परत मिळवायचे तर तेव्हा वाट पोलीस आणि न्यायालयातूनच जात होती. हे कळायला मला चार दिवस लागले.

२२ तारखेला आमच्या भागातील पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा बहुतेक कर्मचारी दुसऱ्या दिवशीच्या मतमोजणीच्या बंदोबस्तात होते. ठाणे अंमलदारांनी सोमवारी यायला सांगितले. २५ तारखेला पुन्हा गेले. सायबर तक्रारी पाहणाऱ्या हवालदारांनी माझे ऐकून घेतले, अर्जावर आवक क्रमांक टाकला आणि संदेशांच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालील प्रमाणपत्र लागेल असे सांगितले. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला पुरावा खरा असल्याचे ते प्रमाणपत्र असते आणि त्याचा नमुना त्यांनीच दिला. माझ्याकडून एक चूक झाली होती. रागाच्या भरात मी विक्रेत्याचे काही संदेश पुसून टाकले होते. सुदैवाने पैसे मागणारे संदेश शिल्लक होते. काहीही पुसू नये आणि जुना फोन विकूही नये, हे त्यांनी बजावून सांगितले.

१२ डिसेंबरला त्याच हवालदारांचा फोन आला. "ताई, तुमची काही रक्कम होल्ड झाली आहे, येऊन जा." संगणकावर त्यांनी मला पैशांचा प्रवास दाखवला. पहिले ५,००० रुपये दुसऱ्याच दिवशी एटीएममधून काढले गेले होते. १४ तारखेचे २१,५०० रुपये ज्या खात्यात गेले, त्यातून १०,२०० रुपये दुसऱ्या बँकेतल्या एका खात्यात वळवले गेले होते आणि तिथून ३,६६० रुपये रोख निघाले होते. पहिल्या खात्यात ११,३०० आणि दुसऱ्यात ६,५४० रुपये अडकून पडले होते. पाच दिवस उशिरा तक्रार करूनही इतके पैसे कसे उरले, असे मी विचारले. ते म्हणाले, "तुमच्या आधी १५ तारखेला दुसऱ्या कोणीतरी याच खात्यांविरुद्ध तक्रार केली होती. त्यामुळे खाती तेव्हाच गोठली."

त्या वाक्याचा विचार मी अजूनही करते. मी ज्या दिवशी दोन दिवस वाट पाहायची असे ठरवले, त्याच दिवशी कुठल्या तरी गावातल्या, मला कधीच न भेटलेल्या माणसाने लाज बाजूला ठेवून फोन उचलला होता, आणि त्यामुळे माझे पैसे वाचले. फसवणुकीची रक्कम लहान असली, परत मिळण्याची आशा नसली, तरी तक्रार करावी असे मी आग्रहाने म्हणते, ते यासाठी.

होल्ड झाले म्हणजे पैसे मिळाले, असा माझा समज त्या दिवशी झाला होता आणि घरी येताना मी पेढे घेऊन आले. तो समज चुकीचा होता. पैसे थांबवणे हे एक काम आहे आणि ते आपल्या खात्यात परत आणणे हे पूर्णपणे वेगळे काम आहे. पहिले काम फोनवर आणि काही तासांत होते. दुसऱ्यासाठी माझ्या बाबतीत न्यायालयाचा आदेश लागला आणि तो मिळवण्यासाठी मला स्वतः उभे राहावे लागले. अडकलेली रक्कम माझीच आहे, हे ठरवण्याचा अधिकार बँकेला नव्हता. त्याच खात्यात इतरांचेही पैसे आलेले होते, त्यामुळे बँकेचा हा सावधपणा मला पुढे पटला.

याच सुमारास दुसरा एक धोका समोर आला. माझी हकिकत मी त्या वाद्यांच्या समूहात लिहिली होती, इतरांनी सावध व्हावे म्हणून. दोन दिवसांत एका गृहस्थाचा निरोप आला की ते सायबर विभागाशी संबंधित आहेत आणि दहा टक्के शुल्क आधी भरल्यास आठवड्यात पूर्ण रक्कम परत आणून देतील. त्यांनी एक ओळखपत्रही पाठवले. मी ते हवालदारांना दाखवले. तेही खोटे होते. पैसे गमावलेला माणूस आशेने अधीर झालेला असतो आणि अशा माणसाला पुन्हा फसवणारे लोक त्याच्या मागावरच असतात. तो क्रमांक मी दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर, संशयास्पद फोन आणि संदेश कळवण्यासाठी असलेल्या चक्षू या सुविधेत कळवला.

६ जानेवारी २०२५ रोजी गुन्हा नोंद झाला. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) (फसवणूक) आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-ड (संगणक किंवा फोन वापरून तोतयेगिरीने फसवणूक) लावले गेले. प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ती मी तिथेच मागून घेतली आणि घरी येऊन प्रत्येक अंक खातेउताऱ्याशी ताडून पाहिला. एका ठिकाणी व्यवहाराची तारीख १४ ऐवजी १५ पडली होती. दुसऱ्या दिवशी पुरवणी जबाबात ती दुरुस्त करून घेतली.

वकिलांचे शुल्क किती होईल, या चिंतेत होते. सतरा हजारांसाठी दहा हजार घालवणे परवडणारे नव्हते. तेव्हा न्यायालयाच्या आवारात लावलेला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा फलक पाहिला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांनाही हा हक्क आहे. हे मला इतकी वर्षे माहीतच नव्हते. २० जानेवारीला साध्या छापील अर्जासोबत आधार कार्डाची प्रत आणि प्रथम खबरीची प्रत दिली. ३ फेब्रुवारीला वकील नेमल्याचे पत्र मिळाले. माझ्या वकील मॅडम तरुण होत्या, पण अशा प्रकारचे चार-पाच अर्ज त्यांनी आधी चालवले होते. त्यांनी पहिल्याच भेटीत माझी सगळी कागदपत्रे तारखेच्या क्रमाने लावून घेतली आणि पानांवर क्रमांक घालायला सांगितले. ज्यांना प्राधिकरणाचा पत्ता सापडत नसेल, त्यांनी १५१०० या क्रमांकावर विचारावे.

अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ५०३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करायचा होता. पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५७ खाली होत असे. चोरीला गेलेली आणि पोलिसांनी जप्त केलेली सायकल मूळ मालकाला परत द्यावी, तशीच ही गोठवलेली रक्कम परत द्यावी, अशी त्यामागची कल्पना मॅडमनी समजावली. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, प्रथम खबर, तक्रारीची पोच, शिक्क्याचा खातेउतारा, आधार कार्ड आणि रद्द केलेला धनादेश जोडला. न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. आवाराबाहेरच्या टेबलावरचे गृहस्थ मला ५०० रुपयांचा मुद्रांक घ्यायला सांगत होते, तो त्या टप्प्यावर नको होता.

२४ फेब्रुवारीला अर्ज दाखल झाला. न्यायालयाने तपास अधिकारी आणि सहायक सरकारी अभियोक्ता (सरकारी वकील) यांचे म्हणणे मागवले. १० मार्चला पोलिसांचे म्हणणे आलेले नव्हते, २४ मार्चला आले पण त्यात एकाच बँकेचा उल्लेख होता. मी दोन्ही तारखांना सकाळी साडेदहापासून बसले होते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन दोन्ही बँकांतील होल्डचा तपशील असलेला कागद हवालदारांसमोर ठेवला आणि सुधारित म्हणणे केव्हा देता येईल ते विचारले. त्यांच्याकडे तेव्हा शंभराहून जास्त तक्रारी होत्या, हे टेबलावरच्या फायलींवरून दिसत होते. मी दर आठवड्याला एकदा, ठरलेल्या वारी, न चिडता जात राहिले. त्याने काम पुढे सरकले असे मला वाटते. ७ एप्रिलला म्हणणे दाखल झाले, अभियोक्त्यांनी हरकत नसल्याचे लिहून दिले, आणि सुनावणी पंधरा मिनिटांत झाली. न्यायाधीशांनी मला एकच प्रश्न विचारला: "या रकमेवर आणखी कोणी हक्क सांगितला आहे का?" माझ्या माहितीत नाही, असे मी सांगितले, आणि ते खरे होते.

२१ एप्रिलला आदेश झाला. दोन्ही बँकांनी मिळून १७,८४० रुपये माझ्या खात्यात वर्ग करावेत, आणि मी तितक्याच रकमेचे बंधपत्र द्यावे, अशी अट होती. पुढे दुसऱ्या कोणाचा हक्क सिद्ध झाला तर रक्कम न्यायालयात परत भरीन, असे त्या बंधपत्रात लिहून द्यावे लागते. ज्याच्या तक्रारीमुळे खाती गोठली तो अनोळखी माणूस मला त्या वेळी आठवला. पोलिसांच्या म्हणण्यात त्याची रक्कम वेगळी दाखवली होती हे मी मॅडमकडून खात्री करून घेतले आणि मगच सही केली. बंधपत्रासाठी मात्र ५०० रुपयांचा मुद्रांक लागला, कारण ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० रुपयांच्या मुद्रांकाची जागा ५०० च्या मुद्रांकाने घेतली आहे. नोटरीचे २०० रुपये झाले. २९ एप्रिलला बंधपत्र दिले, नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला आणि २ मे रोजी आदेशाच्या तीन प्रती घेतल्या. तीन प्रती घेतल्या हे पुढे फार उपयोगी पडले.

५ मे रोजी पोलीस ठाण्यातून दोन्ही बँकांच्या नोडल अधिकाऱ्यांना, म्हणजे अशा प्रकरणांसाठी बँकेने नेमलेल्या संपर्क अधिकाऱ्यांना, ईमेलने आदेश गेला आणि मीही स्वतः स्पीड पोस्टाने प्रमाणित प्रत, रद्द धनादेश आणि माझ्या खात्याचा तपशील पाठवला. पहिल्या बँकेचे ११,३०० रुपये २६ मे रोजी दुपारी खात्यात आले. मी भाजी घेत होते. संदेश पाहिला आणि मंडईतच एका कट्ट्यावर थोडा वेळ बसून राहिले.

दुसऱ्या बँकेने नकार कळवला. आदेशात माझे नाव लग्नानंतरच्या पूर्ण स्वरूपात होते, तर खात्यावर मधले नाव फक्त आद्याक्षराने होते. शिवाय गोठवलेल्या खात्याच्या क्रमांकात एक शून्य कमी पडले होते. ती चूक अर्जातच होती आणि तो अर्ज मी सही करण्यापूर्वी वाचला होता, पण खाते क्रमांक अंकाअंकाने ताडला नव्हता. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तक्रारीचा पोच क्रमांक, गोठवलेल्या खात्याचा क्रमांक, बँक आणि शाखा, नेमकी होल्ड रक्कम, आणि आपले नाव, खाते क्रमांक व आयएफएससी सांकेतांक पासबुकावर आहे तसाच, इतक्या गोष्टी अर्जाच्या मागणीच्या परिच्छेदात आहेत की नाहीत हे दोघांनी मिळून, एकाने मोठ्याने वाचून आणि दुसऱ्याने बघून, तपासावे. आदेशात तेच अंक उतरतात.

दुरुस्तीचा अर्ज ९ जूनला केला. २३ जूनला दुरुस्त आदेश झाला आणि १ जुलैला त्याची प्रत हाती आली. हे पाच आठवडे मला आधीच्या सहा महिन्यांपेक्षा जड गेले. अर्धे पैसे आले होते, घरचे म्हणत होते की आता सोडून दे, आणि मलाही प्रत्येक वेळी रजा टाकणे कठीण जात होते. वकील मॅडम म्हणाल्या, "आदेश हातात आहे ताई, आता फक्त पोस्ट आणि फोन उरलेत." त्यांनी बँकेला एक पानाचे पत्र लिहिले, त्यात न्यायालयाच्या आदेशाची तारीख आणि तो पाळला न गेल्यास न्यायालयाला कळवले जाईल, एवढेच होते. ते ४ जुलैला गेले. पोचपावती १० जुलैला परत आली. त्यानंतर दर सोमवारी मी बँकेच्या नोडल कार्यालयात फोन करत होते आणि कोणाशी, किती वाजता, काय बोलणे झाले हे वहीत लिहीत होते. पाचव्या फोनला पलीकडच्या व्यक्तीने माझा प्रकरण क्रमांक स्वतःहून सांगितला, तेव्हा ते कागद अखेर कोणाच्या तरी टेबलावर आहेत एवढे कळले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी ६,५४० रुपये जमा झाले.

खर्चाचा हिशेब असा आहे. उतारा, मुद्रांक आणि नोटरी यांचे ८१८ रुपये, छायाप्रती आणि छपाईचे ३४०, न्यायालयीन तिकिटे आणि नकलांचे सुमारे १६०, टपालाचे १३०, आणि पोलीस ठाणे व न्यायालय यांच्या चकरांचे रिक्षाभाडे सुमारे १,२५०. एकूण २,७०० रुपयांच्या आसपास गेले, शिवाय आठ दिवसांची रजा. वकिलांना एक रुपयाही द्यावा लागला नाही.

उरलेले ८,६६० रुपये मिळालेले नाहीत. ते रोख निघून गेले आहेत आणि आरोपी सापडला तरच त्यांचा प्रश्न पुढे येईल. ज्याच्या नावाचे पहिले खाते होते, त्याने ते थोड्या पैशांसाठी दुसऱ्याला वापरायला दिले होते असे तपासात पुढे आले आहे. तपास अजून चालू आहे. २५ ऑगस्टला, सोमवारी, मी पोलीस ठाण्यात जाऊन १७,८४० रुपये मिळाल्याचे आणि ८,६६० रुपये येणे बाकी असल्याचे लेखी दिले आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतला. हवालदारांनी विचारले, "तानपुरा घेतलात का मग?" अजून नाही, असे मी सांगितले. दिवाळीनंतर बाईंना बरोबर घेऊन मिरजेला जाणार आहे. वाद्य मांडीवर घेऊन, तारा छेडून, कारागिरासमोर बसून जवारी ऐकणार आणि पैसे त्याच्याच नावाच्या खात्यात देणार आहे.